अकरा दिवस कोणाच्या नावावर

रविवारच्या त्या बैठकीत मामाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. विमा कंपनीतल्या त्याच्या नोकरीचे सात महिने उरले होते. या सात महिन्यांत कोणी जुनी फाइल उघडली नाही, तर पूर्ण निवृत्तिवेतन, निरोपाचा समारंभ, मोठ्या साहेबांच्या हातून मनगटी घड्याळ, आणि दाव्यांच्या विभागात चौतीस वर्षं काढूनही एक ठपका नाही, असं सांगणारं पत्र. हे सगळं धाकट्या भाचीने वीस महिने गप्प थांबण्यावर अवलंबून होतं. मामाला हा भाव वाजवी वाटत होता. थांबायचं दुसऱ्या कोणी असलं की त्याला भाव नेहमी वाजवीच वाटायचा.

तो अकरा वाजता आला. बूट दाराशी जोडून ठेवले आणि टेबलाच्या टोकाच्या हाताच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची बाबांची. बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर होते. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. मामाने कधी उठवलं नाही, बाबा कधी उठले असं कोणी पाहिलं नाही. मामा घरात शिरेपर्यंत ते स्टुलावर पोचलेले असायचे, एवढंच.

टेबलावर गोदीच्या वैद्यकीय खात्याचं पत्र होतं. धाकटीने ते अशा जागी ठेवलं होतं की कपाला हात घालायचा तर आधी ते बाजूला सारावं लागे.

"वाचलंय मी," मामा म्हणाला. "तुझ्या आईने फोनवर वाचून दाखवलं. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"मी कुठे घाबरलेय?" धाकटी म्हणाली. "मला नोकरी नाकारलीय. दोन्ही एकच नाही, मामा."

सहा वर्षं ती ठेकेदाराच्या माणसांत नाव लावून गोदीतल्या क्रेन चालवत होती. मोठ्या क्रेनवर कायम चालकाच्या तीन जागा निघाल्या, बेचाळीस मीटर उंचीवरची केबिन, आणि परीक्षेत ती एकवीस जणांत पहिली आली. मग वैद्यकीय खात्याने विम्याच्या जुन्या नोंदी मागवल्या. पत्रात चार ओळी होत्या. उमेदवार आठ वर्षं चार महिन्यांपूर्वी मानसोपचार विभागात अकरा दिवस दाखल असल्याचं आढळतं. उंचीवरील कामासाठी मागील दहा वर्षांत अशी नोंद असलेला उमेदवार पात्र धरता येत नाही. खुलासा असल्यास पंधरा दिवसांत द्यावा. चौथी ओळ सहीची.

आता धाकटीच्या डोक्यात आजवर काही बिघडलं असेल तर ते मामाच्या बोलण्याने. त्यावर दाखल करून घेत नाहीत. पण या घराला आजारपणाची एक रीत होती. दुखणं ज्याचं असेल त्याचं असो, कागदावर ते ज्याच्या नावावर सोयीचं पडेल त्याच्या नावावर चढायचं. आईचा चष्मा बाबांच्या नावावर होता. आजोबांची कवळी आईच्या नावावर, त्यामुळे वयाच्या एकतिसाव्या वर्षी आई कागदोपत्री बोळकी झाली होती. आजोबांनी स्वतः तर बहिरेपण कोणाच्याच नावावर चढवलं नाही. गोदीत भोंगा झाला की शेजारच्याचे खांदे सैल पडतात, हे पाहून त्यांनी सुट्टी ओळखली, आणि असं चौदा वर्षं निभावलं.

थोरलीचं दुखणं त्याच रीतीने धाकटीकडे आलं. त्या वर्षी थोरली सत्तावीसची होती. जिथे काम करायची ते औषधांचं दुकान बंद पडलं, मग तिचं जेवण बंद पडलं, मग बोलणं. बाबांच्या गोदीचा विमा मुलांना पंचविशीपर्यंतच होता. धाकटी बावीसची. दोघी दिसायला सारख्या. मामाने फॉर्म आणला, मामानेच भरला, बाबांनी खाली सही केली.

"हे बघ," मामा आता समजुतीच्या सुरात आला, "दहा वर्षांची अट आहे. आठ होऊन गेली. वीस महिने थांब. नोंद आपोआप मुदतीबाहेर जाते. मग माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ते 'पूर्ण बरी' असा दाखला देतील."

"जागेला वयाची अट एकतीस आहे. वीस महिन्यांनी मी बत्तीसची असेन."

"वयाचं बघता येतं. बोलू कोणाशी तरी."

"आणि 'पूर्ण बरी' म्हणजे? कशातून?"

मामाने चहाचा घोट घेतला. दाव्यांच्या विभागात ज्या प्रश्नांना उत्तर नसतं, त्यांना तो असाच घोट घ्यायचा.

"अगं, थांबलीस तर काय बिघडतंय?" आई म्हणाली. "ठेकेदाराकडे काम आहेच की."

आईची बाजू पोटातून होती. त्या अकरा दिवसांत रोज दुपारी तिने थोरलीला चमच्याने भरवलं होतं. अर्धी वाटी संपायला एक तास लागायचा. आज थोरली सरकारी इस्पितळाच्या औषध विभागात होती आणि गुंगीच्या आणि झोपेच्या औषधांच्या कपाटाची चावी तिच्याकडे असायची. ती चावी आईला कोणत्याही दाखल्यापेक्षा मोठी वाटायची. ज्या मुलीच्या उशाशी आपण झोपेच्या गोळ्या मोजून ठेवायचो, तिच्या हातात आता सगळ्या इस्पितळाच्या गोळ्या आहेत. धाकटी धडधाकट आहे, तिला उशीर सोसेल. थोरलीला धक्का सोसणार नाही. म्हणून तर आईने बैठक थोरलीच्या कामाच्या पाळीच्या दिवशी ठेवली होती आणि सगळ्यांना बजावलं होतं, तिच्या कानावर जाता कामा नये.

"मी खुलासा देणार," धाकटी म्हणाली. "ती मी नव्हतेच."

"सिद्ध कसं करशील?" मामाने विचारलं, आणि पहिल्यांदाच तो जरा पुढे सरकला.

"प्रशिक्षण केंद्राची हजेरी आहे. त्या अकरापैकी आठ दिवसांची माझी सही."

आईने मान वर केली. "तू घरात होतीस. मामाने सांगितलं होतं ना, बाहेर दिसायचं नाही म्हणून?"

"तीन दिवस होते. कागदावर मी वेडी होऊन पडलेय आणि इथे बसून भिंत बघतेय, म्हटलं आणखी दोन दिवसांनी हे खरंच व्हायचं. चौथ्या दिवसापासून तुम्ही इस्पितळात निघालात की मी केंद्रावर. तुमच्या आधी घरी."

"आणि मला कळलं नाही?"

"तुझ्या साडीची पिशवी तरी तुला आठवायची का तेव्हा, आई? दोनदा रिक्षात विसरलीस."

मामा आता मऊ राहिला नाही. "हजेरी दाखवलीस की पुढचा प्रश्न कोणता येतो, ठाऊक आहे? तू नव्हतीस, तर कॉटवर कोण होतं? आमच्याकडे याला फसवणूक म्हणतात. दावा परत भरावा लागतो, दंडासकट. दाजींचं निवृत्तीनंतरचं विमा संरक्षण बंद. या वयात. उद्या त्यांची छाती दुखली तर कोणाच्या नावावर नेणार आहेस?"

"फॉर्मवर अक्षर कोणाचं आहे?"

"सही दाजींची आहे," मामा म्हणाला.

वाक्य बिनचूक होतं. म्हणूनच ते ऐकून आईने पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. थोरली आत आली, इस्पितळाचा पांढरा कोट घडी करून दंडावर टाकलेला.

"तुझी पाळी होती ना?" आई उठलीच.

"बदलून घेतली. बाबांचा फोन आला."

सगळे खिडकीकडे वळले. बाबा स्टुलावर बसून बाहेरच्या विजेच्या खांबाकडे पाहत होते, जणू फोन त्या खांबानेच केला असावा.

थोरलीने उभ्यानेच पत्र वाचलं. चार ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त लागला. त्या अकरा दिवसांत तिच्या मनगटावर निळी पट्टी होती आणि पट्टीवर बहिणीचं नाव. परिचारिका त्याच नावाने हाक मारायच्या. पहिले दोन दिवस तिने ओ दिली नाही, तर कागदावर 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी तिने ओ दिली, बहिणीच्या नावाला, आणि डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. बरं होण्याची तिची पहिली पायरी ही, एक खोटी ओ.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुला त्रास नको म्हणून," आई म्हणाली.

"आई, मला गेली आठ वर्षं 'त्रास नको म्हणून'चाच त्रास आहे." तिने पत्र खाली ठेवलं. "तो आजार माझा आहे. मला परत हवाय."

"आजार काय परत मागतेस," मामा हसला. "उसना नेलेला टोप आहे का?"

"तसंच झालंय की. नेला मी, वापरला मी, आणि काळं झालेलं बूड धाकटी घासतेय."

"ताई, तुझं नाव मी कुठेच देणार नव्हते," धाकटी म्हणाली. "नुसती हजेरी दाखवून—"

"ते ऐकलं मी जिन्यात. तुझं सुटेल. माझे अकरा दिवस मग कोणाचेच राहणार नाहीत. मी तिथे होते. मी तिथून चालत घरी आले. मला वाटतं आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच, आणि त्याचा कागद तुझ्या नावावर."

"चावी जाईल तुझी," आई म्हणाली.

"जाऊ दे. सात वर्षं प्रत्येक पाळीला मोजून देतेय, एक कुपी इकडची तिकडे नाही. घेतील काढून, तर कशासाठी घेतली ते लिहून द्यायला लावीन."

"लिहून कोणी देत नसतं," मामा म्हणाला. "पोरींनो, मी आयुष्य घालवलंय यात. एकदा कागदावर दुखणं आलं की माणूस मागे पडतो. कोणी तोंडावर सांगत नाही, नुसतं पुढच्याचं नाव येतं. मला विचारा."

"तुम्हाला कशाला," बाबा म्हणाले. "मला विचारा."

बाबा बोलले की या घरात सगळे आधी पंख्याकडे बघत; आवाज कुठून आला ते कळायचं नाही.

"मघाशी सही माझी म्हणालात. बरोबर आहे. दोन फॉर्मवर आहे."

मामाचा कप बशीवर टेकला.

"दुसरा कोणता?" आईने विचारलं.

"हर्नियाचा. एकोणीस वर्षांपूर्वीचा." बाबा उठले, पँटीत खोचलेला सदरा दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि पोट उघडं केलं. सत्तरीला आलेलं, सैल, पण स्वच्छ पोट. "बघा. टाका नाही. कागदावर ऑपरेशन झालंय माझं."

धाकटीला हसू आलं, ते तिने दाबलं. मामाचा हात मात्र आपसूक स्वतःच्या उजव्या बाजूला, पट्ट्याच्या वर गेला होता. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"याची बढती होती तेव्हा," बाबा आईला म्हणाले. "फिरतीची जागा. स्वतःच्या नावावर ऑपरेशन आलं असतं तर बढती अडली असती. याला माहीत होतं ते, तेव्हापासून."

"मला म्हणाला होता, ऑफिसने खर्च केला."

"त्याच वर्षी माझी फोरमनची तपासणी झाली. डॉक्टर कागद बघून म्हणाले, हर्निया झालेल्या माणसाला जड मालावर फोरमन करत नाहीत. मी म्हटलं, बरं."

"तुम्ही मला सांगितलंत साहेबाने स्वतःचा माणूस घेतला." आई म्हणाली. "मी एकोणीस वर्षं त्या साहेबाच्या बायकोशी बोलले नाही. बाजारात समोरून आली की रस्ता ओलांडते मी."

"काय सांगणार होतो? भाऊ तुझा."

"अक्का, तेव्हाची परिस्थिती—" मामाने सुरुवात केली.

आईने त्याच्यासमोरचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. तो तिने मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला, आणि परत येऊन टेबलापाशी उभी राहिली.

"ऊठ त्या खुर्चीतून."

"काय?"

"खुर्ची यांची आहे. ऊठ."

तिने आवाज चढवला नव्हता. मामा उठला. बसायला दुसरी जागा स्टूलच होती. तिथे तो बसला नाही. बूट घालताना मात्र त्याने जाता जाता विचारलंच, "माझं नाव लिहिणार आहात?"

"तुमचं अक्षर आहे ना," थोरली म्हणाली. "त्यांना वाचता येतं."

दुपारभरात पत्र लिहून झालं. थोरलीने स्वतःच्या हाताने लिहिलं, तीन प्रतींत: एक गोदीला, एक विमा कंपनीला, एक स्वतःच्या इस्पितळाला. तिसरी प्रत कोणी मागितली नव्हती. धाकटीने तसं म्हटलं तर ती म्हणाली, "त्यांना बाहेरून कळेपर्यंत मी जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसणार नाही." बाबांनी हाताच्या खुर्चीत बसून सही केली. चष्मा घातला, वाचलं आणि मग केली. याआधीच्या दोन्ही वेळा त्यांनी वाचलं नव्हतं.

गोदीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मंगळवारी दोघी बहिणी आणि बाबा, तिघांना बोलावलं. खोलीत वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता आणि दोनच खुर्च्या. बाबा उभे राहिले. अधिकाऱ्याने हजेरीचं पुस्तक उलटून आठ सह्या पाहिल्या, मग पत्र पाहिलं, मग थोरलीकडे.

"म्हणजे दाखल तुम्ही होता."

"हो."

"सध्या काय करता?"

"तुमच्याकडून जखमी माणसं आमच्या इस्पितळात येतात ना, त्यांची वेदनेची इंजेक्शनं ज्या कपाटातून निघतात, त्याची चावी सांभाळते."

त्याने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू का, हे लिहून द्यायची गरज नव्हती. हजेरीवर भागलं असतं. मी पुढे विचारलंही नसतं."

"तुम्हाला नव्हती गरज. मला होती." ती म्हणाली. "आणि एक विचारू? माझ्या बहिणीच्या जागी मी असते, आणि क्रेन मला येत असती, तर आठ वर्षं धड राहूनही तुम्ही मला वर चढू दिलं नसतंत?"

"नियम आहे."

"नियम कोणी मोजून केलाय, की नुसता लिहिलाय?"

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचललं, आणि पत्रावर शेरा मारताना तो बराच वेळ लिहीत होता. शेवटी त्याने बाबांना पडद्यामागे बोलावलं, पोट तपासलं आणि बाहेर येऊन कागदावर लिहिलं, शस्त्रक्रियेची खूण नाही. "एकोणीस वर्षांपूर्वी कोणी असं बघितलं का नाही?" त्याने विचारलं.

"कागद होता ना," बाबा म्हणाले.

आता हिशेब.

धाकटीला जागा मिळाली, एकवीस दिवस उशिरा. तेवढ्यात परीक्षेत दुसरा आणि तिसरा आलेले दोघे रुजू झाले आणि सेवेच्या यादीत तिच्या वर बसले, आणि तिथेच राहतील. पहिल्या दिवशी ती बेचाळीस मीटर चढून गेली आणि खाली बाबा मान वर करून उभे होते. त्यांना गोदीतल्या भोंग्याच्या वेळा अजून पाठ होत्या.

बाबांनी दोन्ही दावे परत भरले, अठरा हप्त्यांत, दंडासकट. विमा संरक्षण एका वर्षासाठी थांबवलं गेलं. त्या वर्षात त्यांना शिंकसुद्धा आली नाही, असं ते सांगतात. आई सांगते, दोनदा ताप होता, अंगावर काढला.

आईच्या रविवारी एक माणूस कमी झाला. तिने भरलं ते हेच, आणि कोणी बघत नाही असं वाटून ती कधीकधी दाराशी बूट आहेत का बघते. मात्र बाजारात तिने एकदा रस्ता ओलांडला नाही. साहेबाच्या बायकोला गाठून म्हणाली, "तुमची माफी मागायचीय, एकोणीस वर्षांची." त्या बाईंना दोघींत अबोला आहे हेच माहीत नव्हतं.

मामाची चौकशी लागायच्या आत त्याने राजीनामा दिला. समारंभ नाही, घड्याळ नाही, निवृत्तिवेतनात कपात. राजीनाम्यात कारण लिहावं लागतं. त्याने 'हर्नियाचा जुना त्रास' असं लिहिलं, त्याच अक्षरात, पण या वेळी नाव स्वतःचं.

थोरलीची चावी चौथ्या दिवशी काढून घेतली. तिने तिघांसमोर कपाट मोजायला लावलं, अडीच तास, कुपी न् कुपी जुळली. मग ती बाहेरच्या खिडकीवर गोळ्यांची पाकिटं देत उभी राहिली आणि दर महिन्याच्या एक तारखेला एक अर्ज दिला: चावी कोणत्या कारणाने काढली, लेखी कळवावे. पाच अर्ज झाले. लेखी कारण कोणाला सुचलं नाही. सहाव्या महिन्यात चावी परत आली; त्या वर्षीची पगारवाढ आली नाही.

तिचा विमा कुठेच नव्हता. वर्षातून दोनदा ती त्याच मानसोपचार विभागात तपासणीला जाते. परवा गेली तेव्हा खिडकीवरच्या बाईने विचारलं, नाव काय, आणि तिने सांगितलं. रोख पैसे मोजून दिले, पावती घेतली, बाजूला होऊन दोनदा वाचली. पूर्ण रक्कम तिनेच भरली होती, आणि पावतीवर तिचंच नाव होतं.